घरात भाजी नाही अशा रात्री, आहे त्या जिन्नसांतून सगळ्यांसाठी काय करता?

सांजवेळ

नमस्कार. संध्याकाळी साडेसातला घरी पोचावे, भाजीची टोपली रिकामी असावी, फ्रिजमध्ये चार मिरच्या, थोडी कोथिंबीर आणि वाटीभर दही एवढेच असावे आणि पावणेनऊपर्यंत चौघांचा स्वयंपाक तयार व्हायचा असावा, अशी वेळ आमच्याकडे वरचेवर येते. सासूबाईंना रात्री तिखट आणि जड सोसत नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला पानात काहीतरी चावायला लागते, नुसत्या मऊ खिचडीने त्याचे पोट भरत नाही आणि दहा वाजता तो पुन्हा स्वयंपाकघरात येतो.

माझे मत असे आहे की अशा रात्री बाहेरून जेवण मागवण्याची खरोखर गरज नसते. तांदूळ, डाळी, पिठे, कांदा-लसूण, सुके खोबरे, शेंगदाणे, आमसुले आणि गूळ एवढ्यावर उभे राहणारे पदार्थ आपल्याकडे भरपूर आहेत, कारण बाजार आठवड्यातून एकदाच भरत असे तेव्हापासून घरोघरी याच जिन्नसांवर स्वयंपाक होत आला आहे. तरीही प्रत्यक्षात मी खिचडी, पिठले आणि फोडणीचा भात या तिघांपलीकडे जात नाही. म्हणून विचारते की तुमच्या भागात आणि तुमच्या घरी अशा वेळी काय करतात? आधी भिजवून ठेवावे लागणारे शक्यतो नको, वेळ पाऊण तास, आणि एकच पदार्थ सगळ्यांना चालावा. प्रमाण कृपया वाटी-चमच्यांत लिहावे. ‘अंदाजाने’ असे लिहिले की नव्याने शिकणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

वैनगंगा

तुमच्या मुलाची अडचण वाचताच गोळाभात आठवला. आमच्याकडे विदर्भात हा पंगतीलाही होतो, पण घरच्या चार माणसांसाठी तो अगदी सुटसुटीत आहे.

चणाडाळीचा भरडा एक वाटी घ्यावा. भरडा नसेल तर डाळ कोरडीच मिक्सरमध्ये रव्यापेक्षा थोडी जाड फिरवावी. त्यात हळद, मीठ, जिरे, चवीपुरते तिखट, चिमूटभर हिंग आणि दोन चमचे कडकडीत तेल घालून, पाण्याचा हात लावत लिंबाएवढे गोळे वळावेत. दुसरीकडे दोन वाट्या तांदूळ धुऊन पातेल्यात साडेचार वाट्या पाण्यात शिजायला लावावेत. पाणी आटत येऊन भातावर भोके दिसू लागली की गोळे वर अलगद ठेवावेत, झाकण घालावे आणि अगदी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे वाफ येऊ द्यावी. गोळा मोडून पाहावा. आतून कच्चा पिवळा न दिसता मोकळा फुटला की झाले.

वाढताना भातावर गोळा कुस्करून त्यावर मोहरी, हिंग, लसूण आणि सुक्या लाल मिरचीची चरचरीत फोडणी घालतात. सासूबाईंच्या पानात फोडणीऐवजी तूप घालावे. सोबत चिंचेचे सार किंवा तुमच्याकडच्या वाटीभर दह्याची कढी पुरते.

गिरणाकाठ

खानदेशात याला उत्तर शेवभाजी. घरात जाड तिखट शेव, कांदे आणि सुके खोबरे असले की झाले. दोन कांदे आणि अर्धी वाटी खोबऱ्याचे काप तेलावर चांगले तपकिरी होईपर्यंत भाजावेत, त्यात आठ-दहा पाकळ्या लसूण आणि आल्याचा तुकडा घालून बारीक वाटावे. तीन-चार मोठे चमचे तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतून दोन चमचे काळा मसाला आणि एक चमचा तिखट घालावे आणि चार वाट्या गरम पाणी ओतावे. दहा मिनिटे उकळी आली की रस्सा तयार. शेव जेवायला बसताना ताटातच घालावी. आधी घातली तर ती रस्सा पिऊन लगदा होते.

भाकरी किंवा कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी असली तर उत्तम.

सांजवेळ

वैनगंगा, गोळाभात नक्की करणार. वाफेवरचे गोळे मुलाला आवडतील असे वाटते. गिरणाकाठ, कृती तोंडाला पाणी सुटेल अशी आहे, पण सासूबाईंना हा रस्सा झेपणार नाही. यात सौम्य वाटा वेगळा काढता येतो का?

गिरणाकाठ

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर नाही. रस्सा सौम्य केला की त्यातला जीवच जातो. त्यांच्यासाठी मऊ भात, मेतकूट आणि तूप वेगळे करावे. कुकरमध्ये डब्यात वाटीभर तांदूळ लावायला काहीच कष्ट नाहीत. मात्र तुमच्या ‘एकच पदार्थ’ या अटीत ते बसत नाही, हे मान्य.

आंबाघाट

शेवभाजीसाठी शेव डब्यात शिल्लक असावी लागते. आमच्या घरी मुले ती वेळ येऊच देत नाहीत.

पिठल्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण त्याला ‘काही नसले की करायचे’ अशा उपेक्षेने वागवले जाते आणि म्हणूनच ते घाईत बिघडते. चौघांसाठी एक वाटी बेसन आणि तीन वाट्या पाणी हे मध्यम पिठल्याचे प्रमाण. कढईत तीन चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग आणि ठेचलेला भरपूर लसूण घालावा. लसणाच्या कडा लालसर झाल्यावर मिरची आणि बारीक चिरलेला कांदा घालून तो पारदर्शक होईपर्यंत परतावा, मग हळद. पाणी आणि मीठ घालून खळखळ उकळी आली की आच मध्यम करावी आणि एका हाताने मुठीतून पीठ भुरभुरत सोडत, दुसऱ्या हाताने रवीने किंवा पळीने सतत हलवत राहावे. गुठळी झालीच तर ती पळीच्या पाठीने कढईच्या कडेला दाबून मोडावी. आत कोरडे पीठ दिसेल, ते लगेच मिसळून जाते.

यानंतरची सात-आठ मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात आणि बहुतेक जण तीच गाळतात. झाकण ठेवून मंद आचेवर पिठल्याला वाफ आणावी. सुरुवातीला त्यावर मोठे, जड बुडबुडे फुटतात आणि पिठाचा कच्चट वास येतो. हळूहळू वास बदलून खमंग होतो, पिठल्यावर तकाकी येते आणि ते कढईच्या कडेपासून सुटू लागते. तेव्हाच ते शिजलेले असते. रंग पाहून शिजले असे समजू नये, कारण हळदीमुळे ते पहिल्या मिनिटापासून तसेच दिसते.

कोकणातल्या माझ्या माहेरी मात्र भाजलेल्या कुळथाची पिठी हाच रात्रीचा नेम. अर्धी वाटी कुळथाचे पीठ साडेतीन वाट्या पाण्यात गार असतानाच कालवून घ्यावे, लसणाच्या फोडणीत ओतावे, तीन-चार आमसुले आणि असले तर ओले खोबरे घालून उकळावे आणि गरम भातावर घ्यावे. ही पिठी पातळच हवी.

शतावरी

आंबाघाट यांनी कृती फार छान लिहिली आहे, पण मला मूळ प्रश्नाकडे पाहून थोडा विरोध नोंदवायचा आहे. रात्री नऊ वाजता वयस्कर माणसाला बेसन देणे आमच्या घरी त्रासाचेच ठरले आहे. वडिलांना पोट फुगण्याचा त्रास होत असे आणि त्यांना मधुमेहही असल्याने भाताचा डोंगर हा पर्यायही नव्हता. आम्ही त्यांच्यासाठी सालीच्या मूगडाळीची धिरडी करत असू. डाळ तासभर तरी भिजायला हवी, त्यामुळे सांजवेळ यांची अट मोडते, परंतु तयार मुगाचे पीठ घरात असले तर भिजवण्याचीही गरज नाही. दोन वाट्या पिठात किसलेले आले, जिरे, हळद, मीठ आणि सरसरीत होईल इतके पाणी घालून दहा मिनिटे ठेवावे आणि तव्यावर पातळ पसरावे. लहान मुलांना तीच धिरडी जरा कडक भाजून दिली की चावायलाही मिळते. अर्थात ज्यांना काही आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आंबाघाट

शतावरीताई, विरोध योग्य आहे. एवढेच सुचवते की बेसनाचा त्रास पुष्कळदा ते अर्धकच्चे राहिल्यामुळे वाढतो. आमच्या घरी हिंग आणि ओवा घालून नीट वाफवलेले पिठले आजीला चालत असे. मात्र प्रत्येकाचे पोट वेगळे, यावर वाद नाही.

पाटावरवंटा

इतके प्रतिसाद झाले तरी वरणफळांचे नाव कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटले. सांजवेळ यांच्या सर्व अटी एकट्याने पूर्ण करणारा हाच पदार्थ आहे असे मी ठामपणे म्हणेन. भिजवणे नाही, भाजी नाही, पोळ्या वेगळ्या लाटायच्या नाहीत, डाळ आणि गहू एकाच पानात येतात, म्हाताऱ्या माणसाला मऊ लागते आणि मुलांना चावायला फळे, म्हणजे कणकेचे तुकडे, मिळतात. काही घरी यालाच चकोल्या म्हणतात.

प्रमाण चौघांसाठी असे. एक वाटी तूरडाळ हळद, हिंग आणि अडीच वाट्या पाणी घालून कुकरमध्ये लावावी. डाळ शिजेपर्यंत दोन वाट्या कणकेत मीठ, हळद, चिमूटभर ओवा, अर्धा चमचा तिखट आणि चमचाभर तेल घालून पोळीपेक्षा घट्ट भिजवावी. कुकरचा दाब आपोआप उतरू द्यावा. तेवढा वेळ लाटण्यासाठी मिळतो. मोठ्या पोळ्या लाटून सुरीने किंवा करंजीच्या कातण्याने शंकरपाळ्यांसारखे तुकडे करावेत. ते एकावर एक न ठेवता ताटात पसरावेत आणि वर कोरडे पीठ भुरभुरावे.

पातेल्यात तेलावर मोहरी, जिरे, मेथीचे पाच-सहा दाणे, कढीलिंब असला तर तो, अशी फोडणी करून घोटलेले वरण आणि चार वाट्या गरम पाणी घालावे. मीठ, चार आमसुले, सुपारीएवढा गूळ, दीड-दोन चमचे गोडा मसाला आणि सुके खोबरे. चांगली उकळी फुटल्यावर तुकडे एकेक करून सोडावेत. एकदम ओतले तर चिकटून गोळा होतो, शिवाय उकळी बसते आणि फळे पिठूळ होतात. दहा-बारा मिनिटांत तुकडे वर तरंगतात आणि कडा किंचित पारदर्शक दिसतात. एक तुकडा बोटांनी दाबून मोडावा. मधे पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटे. वाढताना वरून साजूक तूप. बाकी काही लागत नाही.

विश्वामित्रीकाठ

बडोद्यात वाढल्यामुळे आमच्या घरी दाळढोकळी आणि वरणफळे दोन्ही होत. गुजराती शेजाऱ्यांच्या दाळढोकळीत शेंगदाणे डाळीबरोबरच शिजवलेले असतात, आणि तो भाग मी वरणफळांतही घेतला आहे. कुकरमध्ये डाळीच्या डब्यातच मूठभर कच्चे शेंगदाणे टाकावेत. ते मऊ होऊनही दाताखाली येतात. चावायला काही हवे असणाऱ्या मुलासाठी याहून सोपी भर नाही. आमसुलांऐवजी तिथे लिंबूही चालते. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच पिळावे.

मांजराकाठ

आम्ही लातूरकडचे. आमच्याकडे थंडीत आणि पावसाळ्यात याच वेळी शेंगोळे होतात. हुलग्याच्या (कुळथाच्या) दोन वाट्या पिठात वाटीभर ज्वारीचे पीठ किंवा कणीक, वाटलेला लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट भिजवतात आणि पोळपाटावर हाताने वळून बोटाएवढ्या सुरळ्या किंवा कडी करतात. लसणाच्या फोडणीत सहा-सात वाट्या पाणी उकळवून त्यात सोडून वीस मिनिटे शिजवतात. पिठाने रस आपोआप दाट होतो, वरून शेंगदाण्याचा कूट. तिखट कमी केले तर म्हातारी माणसे आवडीने खातात.

वळायला वेळ लागतो हे खरे, पण ते काम एकट्याने करायचे नसतेच. घरातली दोन-तीन माणसे परातीभोवती बसली की दहा मिनिटांत संपते.

उंबरठा

मांजराकाठ यांच्या शेवटच्या वाक्यावर मला थांबावेसे वाटते. या धाग्यावर पाककृती उत्तम आल्या आहेत आणि मी त्या उतरवून घेतल्या आहेत. तरीही सांजवेळ यांच्या पहिल्या परिच्छेदात जे चित्र आहे, त्यात साडेसातला घरी येणारी व्यक्ती एकच आहे, आणि काय करायचे ते ठरवणे, जिन्नस आठवणे, कोणाला काय सोसते त्याचा हिशेब ठेवणे आणि मग शिजवणे, ही चारही कामे तिच्याच माथी आहेत. चुलीवरच्या अर्ध्या तासापेक्षा हा विचारांचा भार मोठा असतो. बाहेरून मागवावेसे वाटते ते पुष्कळदा हात थकल्यामुळे वाटत नाही. आज पुन्हा ठरवायचे, या विचारानेच मन थकलेले असते.

माझी सूचना अशी की अशा रात्रींसाठी तीन पदार्थ सर्वांनी मिळून आधीच ठरवावेत आणि त्यांचे सामान संपू देऊ नये. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला त्यांतला एक तरी पूर्ण करता यायला हवा. मग जो आधी घरी पोचेल त्याने कुकर लावावा. नऊ वर्षांचा मुलगा वरणफळांचे तुकडे कातण्याने नक्की कापू शकतो.

सांजवेळ

उंबरठा, मनापासून आभार. यजमान बहुधा नऊनंतर येतात, त्यामुळे कुकर मीच लावते. पण रविवारी बसून तीन पदार्थ ठरवण्याची कल्पना मला पटली आणि मी ती घरी मांडणार आहे.

शतावरी

मुलाच्या हातात सुरी देण्यापेक्षा कातणेच द्यावे, याला अनुमोदन.

इझारकाठ

मी सध्या म्युनिकमध्ये शिकायला आहे, एकटा राहतो आणि शनिवारी मित्रांसाठी स्वयंपाक करतो. माझ्याकडे कुकर नाही. वरणफळे करावीशी वाटतात, पण उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर झाला तरी नीट फुटत नाही. इथले पाणीही फार जड आहे. किटलीत पांढरा थर साठतो. काही उपाय आहे का?

पाटावरवंटा

इझारकाठ, दोन गोष्टी एकत्र येत आहेत. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, उघड्या पातेल्यात ते १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे वेळ कित्येक पटींनी वाढतो. दुसरे म्हणजे जड पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकांतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते आणि डाळ मऊ पडत नाही. आंबटाचाही परिणाम असाच होतो, म्हणून आमसूल, चिंच, टोमॅटो हे सर्व डाळ पूर्ण शिजल्यानंतरच घालायचे असते. आपल्या आया-आज्या हे कारण न सांगताही काटेकोरपणे पाळत आल्या आहेत.

तुमच्यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे तुरीऐवजी सालाशिवायची लाल मसूरडाळ वापरावी. ती तिथल्या तुर्की दुकानांत सहज मिळते आणि उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण विरघळते. चव तुरीची येणार नाही, पण गोडा मसाला आणि गूळ तिला सांभाळून घेतात. तूरच हवी असेल तर सकाळी भिजत घालावी आणि शिजवताना जमल्यास गाळलेले पाणी वापरावे.

मांडवीतीर

धाग्यात शाकाहाराची अट दिसली नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे गोव्यात आणि उत्तरेला रत्नागिरी-सिंधुदुर्गातही पावसाळ्याची तजवीज मे महिन्यातच झालेली असते, कारण १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी दुर्मीळ होते. डब्यात सुके बांगडे, बोंबील, जवळा आणि सोडे असतात. रात्री आयत्या वेळी जवळा सर्वांत सोयीचा. वाटीभर जवळा चाळून रेती काढावी, कोरडाच दोन-तीन मिनिटे भाजावा, पाण्यातून दोनदा झटपट धुऊन पिळून घ्यावा. तेलात तीन बारीक चिरलेले कांदे मऊ करून हळद, तिखट, जवळा आणि दोन-तीन आमसुले घालून पाच-सात मिनिटे झाकण ठेवावे. मीठ चाखूनच घालावे, कारण जवळ्याला अंगचा खारटपणा असतो. भात आणि सोलकढी, किंवा गरम पेज.

ज्यांना एकच पदार्थ हवा त्यांनी सोड्यांची खिचडी करावी. सोडे पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजले की पुरे.

वैनगंगा

आंबाघाट आणि गिरणाकाठ यांच्या प्रतिसादांवरून एक विचारायचे होते. पिठले असो की शेवभाजी, भाकरी हवीच. आणि माझ्या ज्वारीच्या भाकरी अलीकडे थापताना कडेने चिरतात. पीठ दोन महिन्यांपूर्वी दळून आणले आहे.

मांजराकाठ

वैनगंगाताई, पिठाची विरी गेली आहे. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते, त्यामुळे भाकरीला चिकटपणा येतो तो पिठातल्या स्टार्चमुळे आणि मळण्यामुळे. पीठ जुने झाले की ते पुरेसे धरत नाही. आता उपाय म्हणजे उकड काढणे. वाटीभर पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, त्यात वाटीभर पीठ घालून हलवावे, गॅस बंद करून पाच मिनिटे झाकावे आणि सोसेल इतके गरम असतानाच तळहाताच्या बुडाने रगडून मळावे. एका वेळी एकाच भाकरीपुरता गोळा घ्यावा. पुढच्या वेळी दळण पंधरा दिवसांपुरतेच आणावे.

दुपारतिठा

फोडणीच्या भाताविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण सांजवेळ यांनी त्याचा उल्लेख केला आहे आणि घरात लहान मूल व वृद्ध माणूस दोघेही आहेत. मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष नंतर फोडणीत परतल्याने नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत, पसरट डब्यात मोकळा करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करूनच खावा. दुपारी बाराला झालेला भात रात्री आठपर्यंत पातेल्यात झाकून ठेवून त्याला फोडणी घालू नये, उकाड्यात तर मुळीच नाही.

शिळ्या पोळ्यांना हा धोका त्या मानाने कमी असतो, कारण त्यांत पाणी कमी असते. पोळीचा कुस्करा ताकाचा हबका मारून, शेंगदाणे आणि कांदा घालून केला तर तो मुलांना आवडतो आणि वीस मिनिटांत होतो.

गिरणाकाठ

ही माहिती नव्हती. आमच्याकडे सकाळचा भात रात्री परतण्याची पद्धत सर्रास आहे. आजपासून भात फ्रिजमध्ये जाईल.

शतावरी

दुपारतिठा, मग रात्रभर पाण्यात भिजवून ठेवलेल्या भाताचे काय? काही घरांत तो सकाळी दह्याबरोबर खातात.

दुपारतिठा

तो आंबवण्याचा प्रकार आहे. आंबटपणा वाढत जातो तसे अनेक घातक जिवाणू मागे हटतात, पण घरच्या परिस्थितीत ते किती वेगाने होईल याची खात्री देता येत नाही. भात लवकर निवलेला आणि भांडे-पाणी स्वच्छ असायला हवे. घरात आजारी किंवा फार वृद्ध माणूस असेल तर मी हा प्रकार टाळेन. मूळ विषय रात्रीच्या जेवणाचा आहे, म्हणून इथेच थांबते.

सांजवेळ

सर्वांचे आभार. काल रात्री पाटावरवंटा यांच्या प्रमाणाने वरणफळे केली, विश्वामित्रीकाठ यांच्या सांगण्याप्रमाणे डाळीत शेंगदाणे घातले आणि तुकडे मुलाने कातण्याने कापले. त्याने कापलेल्यांत त्रिकोण, चौकोन आणि काही नाव न देता येण्याजोगे आकार होते. ते सगळे शोधून शोधून त्यानेच खाल्ले. दहा वाजता तो स्वयंपाकघरात आला नाही. सासूबाईंनी तूप घालून दोनदा घेतली. त्यांनी असेही सांगितले की त्यांच्या लहानपणी तुकड्यांऐवजी पिठाच्या छोट्या वाट्या करून सोडत असत, म्हणजे वरण त्यांच्या पोटात शिरते. रविवारच्या यादीत वरणफळे आणि गोळाभात ही दोन नावे नक्की झाली आहेत. तिसऱ्यासाठी मुगाची धिरडी आणि कुळथाची पिठी यांत मतभेद आहे.

एकच शंका उरली. पहिल्या वाढणीला रस्सा बेताचा होता, पण यजमान साडेनऊला जेवायला बसेपर्यंत वरणफळे घट्ट होऊन त्यांचा गोळा झाला होता. पाणी सुरुवातीलाच जास्त घालावे का?

पाटावरवंटा

सुरुवातीला जास्त घातले तर पहिल्या पंगतीला ती पाणीदार लागतात. फळे शिजल्यानंतरही पाणी ओढत राहतात, त्यामुळे उशिरा जेवणाऱ्यांसाठी वेगळी युक्ती करावी. फोडणी दिलेल्या वरणातून दोन वाट्या वरण फळे सोडण्याआधीच बाजूला काढावे आणि कच्चे तुकडे त्यांच्या वाटणीचे ताटात फडक्याखाली झाकून ठेवावेत. ते आले की वरणात अर्धी वाटी पाणी घालून उकळावे आणि तुकडे सोडावेत. हातपाय धुऊन येईपर्यंत ताजी वरणफळे तयार होतात. हे काम यजमानांनी स्वतः करण्याजोगे आहे.

आधीच घट्ट झाली असतील तर उकळते पाणीच घालावे, गार नको. पाणी घातल्यावर मीठ आणि आमसुलाची चव पुन्हा पाहावी.

उंबरठा

यजमानांनी स्वतः करण्याजोगे आहे, या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. आणि तिसऱ्या पदार्थासाठी माझे मत कुळथाच्या पिठीला.